दाराशी बोलणारे अण्णा

बेळगावात दवाखाना थाटून मला आठवडाही झाला नव्हता. पाटीचा रंग अजून हाताला लागत होता आणि रोगी म्हणावा असा एकही जीव आत फिरकला नव्हता. अशात एका टळटळीत दुपारी बंद गळ्याचा कोट, डोक्याला रुमाल, भर वैशाखात गळ्यात लोकरी मफलर आणि काखेत छत्री अशा थाटाचे एक गृहस्थ आत आले. त्यांनी छत्री कोपऱ्यात टेकवली, कोट खुंटीला अडकवला, सदऱ्याची बटणं सोडली आणि ते बाकावर आडवे झाले.

"तपासा," ते म्हणाले.

"काय होतंय?"

"काय होत न्हाय. तुम्ही तपासा की."

मी छातीला नळी लावली आणि तिथेच अडकलो. पुन्हा ऐकलं. कुशीवर वळायला सांगून तिसऱ्यांदा ऐकलं. पहिलाच रोगी, त्याला धक्का कसा द्यायचा, असा प्रश्न पडला. पण खोटं बोलण्याची सवय तोवर लागलेली नव्हती. मी म्हणालो, "तुमच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. लहानपणी सांधे सुजून मोठा ताप आला होता का?"

गृहस्थ टुणकन उठून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मला वाटलं, मी चुकून पोरगा झाल्याची बातमी दिली की काय.

"पास!" ते म्हणाले. "तुमच्या आधी या पेठेत दोघं आले. एकानं सांगितलं, तब्येत लोखंडासारखी हाय. दुसऱ्यानं पोटाचं औषध दिलं. त्यास्नी मी काम दिलं न्हाय. तुम्हाला देणार."

हे आमचे अण्णा. एका मोठ्या विमा कंपनीचे बेळगाव भागातले प्रतिनिधी. विमा उतरवणाऱ्या प्रत्येकाची डॉक्टरी तपासणी लागते आणि ती कुठल्या डॉक्टरकडून करवायची हे अण्णांच्या शब्दावर ठरायचं. नव्या डॉक्टरची परीक्षा घ्यायला ते स्वतःचंच हृदय घेऊन हिंडत. जगात दुसऱ्या कुणी आपल्या दुखण्याचा असा उपयोग केला असेल असं मला वाटत नाही.

त्याच दिवशी, कोटाची बटणं लावता लावता, त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांचा स्वतःचा विमा नव्हता. त्यांच्याच कंपनीने तो दोनदा नाकारला होता. अशा छातीच्या माणसाचा विमा कोणती कंपनी घेईल? घरात बायको आणि पाच मुली. शेत नाही, वाडा नाही. जे काही होतं ते अण्णांच्या दोन पायांवर उभं होतं.

"आणि घरी ठाऊक आहे?" मी विचारलं.

"न्हाय," ते म्हणाले आणि छत्री घेऊन चालते झाले.

अण्णांची त्या मुलुखात पत मोठी होती. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत ते शिरले की शेठ गादीवरून उठून उभे राहत. चिकोडीच्या वकिलांच्या बैठकीत त्यांची खुर्ची ठरलेली होती. कन्नड आणि ‘पण’ला ‘खरं’ म्हणणारी बेळगावी मराठी, दोन्ही भाषा त्यांच्या तोंडी सारख्याच गोड, आणि शब्द एकदा दिला की दिला. मात्र त्यांच्या कामाच्या पद्धतीचा लोकांनी धसका घेतला होता. कारण अण्णा घराच्या मालकाशी बोलायचेच नाहीत. ते दाराशी बोलायचे.

म्हणजे असं की, त्या काळी बायका परपुरुषापुढे येत नसत. अण्णा बैठकीत बसून मालकाला सांगत, "मालकिणीस्नी दाराआड उभं करा." मालक कुरकुरत उठायचा. आत बांगड्या वाजल्या की अण्णा मालकाकडे चक्क पाठ करून बसत आणि माजघराच्या दाराकडे तोंड करून विमा समजावून सांगू लागत. हप्ता किती, कागद कुठे ठेवायचा, मालकाच्या माघारी कुणाला कळवायचं, कुणाच्या भूलथापांना फसायचं नाही, सगळं. आणि शेवटी म्हणत, "आक्का, आता एक प्रश्न विचारा. तुम्ही विचारल्याबिगर मी अर्ज लिहिणार न्हाय."

यात ज्या गमती व्हायच्या त्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. निपाणीचे एक तंबाखूवाले शेठ होते. त्यांच्या दाराआडून बराच वेळ काहीच आवाज येईना. मग घाबरत घाबरत प्रश्न आला, "शिरा करू का पोहे?"

"आक्का, ह्यो प्रश्न विम्यात बसत न्हाय," अण्णा म्हणाले आणि मांडी ठोकून बसले. पोहे आले, चहा आला, शेठजींनी घड्याळ काढून पाहिलं. मी शेठजींची तपासणी उरकून पेंगायला लागलो. दिवे लागायची वेळ झाली तशी बाई वैतागली आणि फाडकन म्हणाली, "ह्यांच्या माघारी दीर आले न् म्हणाले पैसं आमचं, तर मी कुणाकडं जायाचं वो?"

शेठजींचं तोंड उतरलं, कारण दीर तिथेच पान लावत बसले होते. अण्णांनी मात्र मांडीवर थाप मारली. "आता लिहितो!" ते म्हणाले, "माझ्याकडं यायचं, आक्का. माझ्या घराचा पत्ता कागदाच्या पाठीवर लिहून ठेवतो."

परतताना मी चिडून म्हणालो, "एवढा वेळ कशाला घालवता हो? सही तर नवऱ्याचीच लागते."

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांचं निपाणीत किराणा दुकान होतं आणि ते गेले तेव्हा अण्णा लहान होते. वडिलांनी त्या काळातही विमा उतरवला होता; पण तो आईला ठाऊक नव्हता. चुलत्याने ते पैसे परस्पर उचलले. आई तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला गेली आणि तिची छाती त्या धुळीने पोखरली. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी बोलता बोलता तिला सांगितलं की, अगं, तुझ्या नवऱ्याचा विमा होता की. "त्या दिवशी आई जेवली न्हाय," अण्णा म्हणाले. "पैसे गेले म्हणून न्हाय. ह्यांनी मला सांगितलं का न्हाय, एवढंच बोलत बसली."

एवढं सांगून ते मोटारीच्या खिडकीबाहेर बघू लागले. एक गोष्ट माझ्या मनाला तेव्हाच टोचली होती. पण वयाने एवढ्या मोठ्या माणसाला ते कसं बोलायचं? ज्याने दारोदार बायकांना सांगितलं की नवऱ्याचं सगळं माहीत करून घ्या, त्याच्या स्वतःच्या दाराआड मात्र अंधार होता. अण्णांच्या मंडळी, म्हणजे आमच्या वहिनी, तर शेजारणींना छातीठोक सांगत, "आमचं काय, आमच्या ह्यांचा विमा चांगला भरभक्कम असणार." विमेवाल्याचाच विमा नसेल हे त्या माउलीच्या स्वप्नातही नव्हतं.

विमा नाही म्हणून अण्णा स्वतःला जपत. ते जपणं म्हणजे एक प्रकरण होतं. पायरी उतरताना आधी छत्रीने चाचपून बघायचं. विहिरीच्या काठाला जायचं नाही. आंब्याच्या झाडाखाली उभं राहायचं नाही, कारण आंबा डोक्यात पडतो. पंगतीत दुसऱ्यांदा तूप घ्यायचं नाही. बेळगावात राहून हा माणूस तिथल्या त्या खव्याच्या मिठाईच्या, कुंद्याच्या दुकानासमोरून मान वळवून जायचा, आणि मुलींसाठी घेतला तर पुडा हात लांब करून धरायचा.

सगळ्यात कहर म्हणजे तवंदीचा घाट. संकेश्वर सोडून निपाणीकडे जाताना मोटार घाटाच्या तोंडाशी आली की अण्णा ड्रायव्हरच्या खांद्यावर छत्रीची मूठ टेकवत. मोटार थांबे. अण्णा उतरून घाट पायी उतरत आणि खाली पुन्हा मोटारीत बसत. लढाईच्या दिवसांत कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या त्या मोटारी. त्या धापा टाकत, खोकत. त्यामुळे उतारावर थोडं थांबणं इंजिनालाही बरंच वाटत असावं. तरी ड्रायव्हर ओरडायचा, "अण्णा, आजवर एक तरी गाडी पडली का वो हितं?"

"न्हाय पडली," अण्णा वरूनच सांगायचे, "खरं पडली तर तुझा विमा हाय. मीच उतरवलाय!"

मोटारीतले लोक हसायचे. भित्रा म्हणायचे, भागुबाई म्हणायचे. अण्णांना त्याचं काही नव्हतं. "मी माणूस न्हाय, डॉक्टर," ते मला म्हणत, "मी घराचा खांब हाय. खांबानं उड्या मारायच्या नसतात."

आणि घर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. शेवटची मोटार पकडून ते रात्री घरी येणारच. एकदा पावसाने मार्कंडेय नदीला पूर आला आणि आम्ही अलीकडच्या गावात अडकलो, तर हा माणूस रात्रभर धर्मशाळेत मुलींची नावं घेऊन कोण कुठल्या कुशीवर झोपली असेल ते मला सांगत बसला. सकाळी दौऱ्यावर निघण्याआधी ते कट्ट्यावर बसत आणि पाची मुलींच्या वेण्या स्वतः घालत. वहिनींना ते जमत नव्हतं असं नाही. अण्णांना ते आवडायचं. तोंडात रिबिनी धरलेल्या, गुडघ्यांत एक पोरगी, बाकीच्या रांगेत उभ्या. शेजारचे वकील एकदा कट्ट्यावरून म्हणाले, "अण्णा, हे बायकी काम बरं दिसतं का?"

अण्णांनी तोंडातली रिबीन काढली. "वकीलसाहेब, तुम्ही अशिलांना शेंड्या लावता, मी लेकींना वेण्या घालतो. ज्याचं काम त्यानं करावं."

वकील कट्ट्यावरून उठून आत गेले.

असं किती वर्षं चाललं असतं कोण जाणे. पण एकदा आम्ही बेळगावला लागून असलेल्या शहापुरात एका विणकराच्या घरी गेलो. अरुंद बोळात एकच खोली, तिच्यात खड्ड्याचा माग, मागावर अर्धी विणलेली साडी. माग थांबला तरच माणसांना बसायला जागा. अशा घरात बाईने दाराआड उभं राहायचं म्हटलं तर रस्त्यावरच उभं राहावं लागलं असतं. त्यामुळे विणकराची बायको समोरच चरख्यावर कांड्या भरत बसली होती. पदर डोक्यावर, नजर सुतावर.

अण्णा जरा गांगरले. त्यांना दाराची सवय. तरी त्यांनी भिंतीकडे बघत सगळं समजावलं आणि नेहमीसारखं म्हणाले, "आक्का, आता एक प्रश्न विचारा."

बाईने चरखा थांबवला. वर मान करून थेट अण्णांकडे पाहिलं. "इचारू? रागावणार न्हायसा न्हवं?"

"विचारा की."

"तुमचा सवताचा इमा केवढ्याचा हाय, त्ये तुमच्या मालकिणीस्नी ठावं हाय व्हय?"

बिचारीने साध्या मनाने विचारलं होतं. एवढं शिकवायला आलेत तर यांच्या घरी कसं करतात ते कळावं, इतकंच. विणकर तिच्यावर खेकसला, "अगं ए, काय बोलालीस!" पण अण्णांनी हात वर केला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी नकळत त्यांच्या नाडीला हात घातला. एका 'हो'ने सुटका होती. ते बायकांशी खोटं बोलू शकत नव्हते. निदान त्या बाईशी तरी नव्हते.

"आक्का," ते म्हणाले, "ह्याचं उत्तर मी परत येऊन देतो. तोवर अर्ज राहू दे."

बोळातून बाहेर पडल्यावर ते एका देवळाच्या पायरीवर बसले. छत्रीने पायरी चाचपलीसुद्धा नाही.

"डॉक्टर, आज माझ्याबरोबर घरी चला," ते म्हणाले. "मला एकट्याला जमायचं न्हाय."

"मी येऊन काय करू?"

"तुम्ही बसा नुस्तं. पाहुणं असलं की ती दाराआड उभी राहती. समोर असली तर माझ्या तोंडातनं शब्द फुटायचा न्हाय."

त्यांच्या बैठकीत मी आजवर पन्नास वेळा बसलो असेन, पण त्या संध्याकाळी खुर्ची टोचत होती. अण्णांनी हाक मारली, आत बांगड्या वाजल्या आणि अण्णा माजघराच्या दाराकडे तोंड करून बसले. परक्या घरांत इतकं धडधडा बोलणारा हा माणूस स्वतःच्या दारापुढे शब्द शोधत होता. लहानपणचा ताप, झडप, दोनदा आलेला नकार, सगळं तुटक तुटक सांगितलं. मध्येच म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही सांगा," आणि मी चार वाक्यं बोललो. जपून राहिले तर वर्षानुवर्षं काही होणार नाही आणि झालंच तर कधीही होईल, असं मी म्हणालो. खरं तेच होतं.

"आता एक प्रश्न विचार," अण्णा म्हणाले.

दाराआडून वहिनींचा आवाज आला. तो रडका नव्हता, चांगला तापलेला होता.

"लग्नाला इतकी वर्षं झाली. गावच्या बायकास्नी तुम्ही सगळं सांगत हिंडलासा, आणि मला न्हाय? शेजारणीपुढं मी मिरवत होते, तवा तुम्हाला हसू आलं का वो?"

थोड्या वेळाने थोरली मुलगी बाहेर आली. तिच्या हातात कॉफीचा एकच पेला होता आणि तो तिने माझ्यापुढे ठेवला. आयुष्यात एवढी कडू कॉफी मी प्यालो नाही, आणि साखर तर तिच्यात भरपूर होती.

त्यानंतरचे काही दिवस अण्णांचे फार वाईट गेले. घरात अबोला. वेण्या घालायला मुली कट्ट्यावर यायच्या, पण रिबिनी आणून द्यायला वहिनी यायच्या नाहीत. आणि मग एके सकाळी वहिनी स्वतः कट्ट्यावर आल्या, भर रस्त्यासमोर, आणि म्हणाल्या, "मी माहेरी चौथी झाल्ये. मुलींच्या शाळेत मास्तरीण व्हायला काय काय शिकावं लागतंय?"

ही गोष्ट अण्णांनी मला धावत येऊन सांगितली. म्हणजे शब्दशः धावत. मी त्यांना आधी बाकावर झोपवलं आणि मग ऐकलं.

थोरली तेव्हा सातवीत होती. तिच्याच पुस्तकांवर वहिनींनी अभ्यास धरला. मायलेकी एका कंदिलाखाली बसत आणि थोरली आईला कविता पाठ झाली नाही म्हणून रागवायची. गणित अण्णा शिकवत. ते व्याजाच्या पलीकडे कधी गेलं नाही. स्वयंपाक अण्णांकडे आला. त्यांच्या भाकरीचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा आणि मुली जेवायला शेजारी पळायच्या. सातवीच्या फायनल परीक्षेत पहिल्या खेपेला वहिनी नापास झाल्या. लोक हसले. भावकीतल्या कुणी म्हटलं, या वयात हे काय थेर? अण्णांनी कंदिलात आणखी तेल घातलं. दुसऱ्या खेपेला त्या फायनल पास झाल्या तेव्हा मात्र अण्णांनी निपाणीपासून चिकोडीपर्यंत पेढे वाटले. त्या काळी तेवढ्यावर मास्तरीण होता येई, आणि शहापुरातल्या मुलींच्या शाळेत त्यांना नोकरी मिळाली.

त्या विणकराचा अर्ज कधीच लिहून झाला होता. घरी सांगितलं त्याच आठवड्यात अण्णा परत तिथे गेले आणि कांड्या भरणाऱ्या त्या बाईसमोर बसून म्हणाले, "आक्का, माझा विमाच न्हाय. कंपनी घेत न्हाय. खरं आता घरात ठाऊक हाय." बाई म्हणाली, "मग लिवा आमचा." ज्याचा स्वतःचा विमा नाही त्याच्याकडून विमा घ्यायला त्या दोघांना काही अडचण वाटली नाही.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं अण्णा मला वेगळेच दिसले. एकदा आम्ही निपाणीला निघालो होतो. तवंदीचा घाट आला, ड्रायव्हरने सवयीने मोटार थांबवली, तर अण्णा जागचे हलेनात. "चल रं," ते म्हणाले, "किती दिवस त्या घाटाला भ्यायचं?" आणि वळणावळणाला पुढची दांडी धरून लहान पोरासारखे हसत होते. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि डॉक्टर म्हणून मी त्यांना चार शब्द सुनवायला हवे होते; पण मला फार बरं वाटत होतं.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी थंडीत अण्णा गेले. दुपारी जेवून कट्ट्यावर बसले होते, बसल्या जागी मान कलली. मला बोलावणं आलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी नळी लावली, कारण काहीतरी करायला हवं होतं. मग ती खिशात घातली आणि सगळ्यांच्या देखत रडलो.

तेराव्याला भावकी जमली. चिकोडीहून अण्णांचे चुलतभाऊ आले होते, त्याच चुलत्याचे चिरंजीव. जेवणं झाल्यावर ते बैठकीत तक्क्याला टेकून म्हणाले, "आता विम्याचं काय ते बघायला पायजे. कागद माझ्याकडं द्या, मी बघतो. आणि पोरींची वाटणी करू. धाकटीला मी घिऊन जातो, माझ्या घरात कामाला हात हुईल. दोन नंबरचीला आमच्या तिकडं एक बिजवर हाय, वय जरा जास्त हाय, खरं माणूस चांगला. वहिनींनी मधल्या दोघींना घिऊन थोरलीच्या सासरी, संकेश्वरला ऱ्हावं."

आत त्यांच्या बायकोने धाकटीच्या कपड्यांचं गाठोडंही बांधून ठेवलं होतं. ते गाठोडं छातीशी धरून ती पोर उंबऱ्यात उभी होती, आणि तिच्याकडे बघण्याचा धीर मला होत नव्हता. मी तोंड उघडणार, एवढ्यात माजघराचं दार उघडलं आणि वहिनी बाहेर आल्या. बैठकीत पुरुष भरलेले. त्या येऊन मधोमध उभ्या राहिल्या.

"भावजी, विमा न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्यांचं काळीज दुखरं होतं, कंपनीनं घेतलं न्हाय. कागद शोधू नका."

बैठकीत कुजबुज सुरू झाली. चुलतभाऊ सावरून बसले. "म्हंजे? विमेवाला माणूस, आणि बायका-पोरास्नी असं अंधारात ठिवून गेला?"

"अंधारात न्हाय," वहिनी म्हणाल्या. "मला सगळं सांगून गेले. म्हणून मी शिकले. सोमवारपासून माझी शाळा हाय. माझ्या पगारात आम्ही पाचजणी भाकरी खाऊ, न्हायतर अर्धी खाऊ; खरं पोरी हितंच ऱ्हातील. दोन नंबरचीला ह्या वर्षी फायनलला बसायचंय."

त्यांनी धाकटीच्या हातातलं गाठोडं घेतलं, तिथेच खाली बसून त्याची गाठ सोडली आणि परकर-पोलकी एक एक करून तिच्या हातात परत दिली. "जा, फळीवर ठेव," त्या म्हणाल्या. पोर आत पळाली.

भावजी संध्याकाळच्या मोटारीने चिकोडीला परत गेले. बायकोला घेऊन, दोघंच.